उघडीप

आषाढात चार दिवसांनी उघडीप मिळाली
म्हणून मागच्या पडवीत पाट घेतला, दोन बालद्या,
लहान मुलांचा शाम्पू,
आणि लग्नसराईतले चेहरे धुवायला बसले.

वेंगुर्ल्याच्या बाजारात आत्ता
छत्र्या दुरुस्त करणारा सोडला तर कुणाला गिऱ्हाईक नाही.
माझ्या पाटीवरचा शेवटचा 'र' वाऱ्याने नेला,
नुसतं 'पार्ल' उरलं.
परवा एक पोरगं पाच रुपये घेऊन आलं, बिस्किटं मागायला.

मोठा ब्रश आधी.
केस खाली, दांडा वर. मुळात पाणी शिरलं तर डिंक सुटतो
आणि ऐन अक्षतांच्या वेळी नवरीच्या गालावर
मांजर बसून गेल्यासारखा एक केस.
तळहातावर गोल गोल फिरवला
की पहिलं पाणी निघतं गव्हाळ, मग गुलाबी,
मग असा एक रंग, जो कुणाच्याच अंगाचा नाही.
दोन शेड उजळ हवं असतं सगळ्यांना,
उभादांड्याच्या, शिरोड्याच्या, मठाच्या.
हर्षदा केळुसकरची बोटं काजूच्या चिकाने काळी,
हातमोजे घालू का, विचारत होती मे महिन्यात.
मेंदी कोपरापर्यंत काढली. गडद.
नवऱ्याने लग्नात तिचा हात धरला तेव्हा
मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

स्पंजवर बुरशी आलीय,
आयशॅडोतल्या हिरव्यापेक्षा बरी दिसते.
चिमट्याला गंज. डबीत ठेवा, डबी कपाटात ठेवा,
खारं वारं किल्ली मागत नाही.
राखेने घासला, खोबरेल लावून फडक्यात गुंडाळला.
सात लिपस्टिका टाकल्या, आठवी वासाने धरली:
जुन्या तेलातल्या भज्यांचा वास.
'मॅडम, तारीख नुसती छापायची असते,'
म्हणाला होता कोल्हापूरचा विक्रेता.

कुडाळच्या तीन महिन्यांच्या कोर्सात
लावायला शिकवलं.
काढायला शिकवलं बाबल मेस्त्रींनी.
दशावतारात बायकांची कामं करायचे,
कार्तिकाच्या आधी एका रात्री यायचे, शटर अर्धं पाडून,
लुंगीवर, पन्नाशीचे, नांगर धरलेले हात मांडीवर ठेवून:
'भुवयो बारीक कर गो, पण वाडीत कळाक नको तेवढ्योच.'
मी एकदा कुणाचा तरी मेकअप खसाखसा पुसत होते,
खुर्चीतून त्यांनी आरशातच मला हटकलं.
'रंग लावक तास लागलो, तर काढूक दीड तास दी.
घासू नको. तेल लाव आणि गप रव.
तो आपसूक सुटाक होयो.'
त्यांच्या कानामागे मात्र पांढरी रेघ असायची,
आठही महिने.
मी कधी बोलले नाही.

दात गेले, तशी कामं गेली.
आता धाकट्या भावाच्या पिठाच्या गिरणीत बसतात,
परत पांढरे, भुवया झुपकेदार.
जाताना एक ब्रश देऊन गेले होते,
बांबूच्या दांड्याचा, हळकुंडाएवढा,
कुठल्या जनावराच्या केसांचा ते विचारू नको म्हणाले.
वापरत नाही मी तो. तरी धुते, सगळ्यांच्या शेवटी,
आणि दर वर्षी त्यातून थोडं लाल निघतं.
आता संपायला हवं होतं.
यंदा तिसऱ्या पाण्यातही निघालं,
अगदी फिकट,
पायरीवरून ओघळून अळवाच्या मुळाशी गेलं.

सुपावर फडकं, फडक्यावर ब्रश मांडलेत,
तोंडं उतरणीकडे, बांगडे वाळत घालावेत तसे.
फोन वाजतोय. तुळसहून कुणी आहे,
साखरपुडा, उद्या सकाळी, घाईचा.
'ओले आहेत अजून,' मी सांगते.
तिला कळत नाही काय ओलं आहे.

बंदराकडून काळं चढत येतंय.
सूप आत घेते.
पंख्याखाली ठेवीन,
लाइट असली तर.